वीरगळाची छायाचित्रे घेण्यापूर्वी : नव्या दृश्यकोनांसाठीची तयारी

काढलेल्या छायाचित्रांवरून न काढलेल्या कोनातले दृश्य उभे करण्यासाठी २०२० मधली नर्फ पद्धत वापरा किंवा २०२३ मधली गॉशियन स्प्लॅटिंग, कॅमेऱ्याने पाहिलीच नाही ती बाजू दोन्हींपैकी एकीलाही खरी दाखवता येत नाही. म्हणून गावाबाहेरच्या वीरगळाचे काम हाती घेताना संगणकाआधी छायाचित्रणाचा विचार करावा.

दिवस ढगाळ निवडावा. उन्हात कोरीवकामातल्या सावल्या तासाभरात सरकतात आणि घोड्याचा एकच पाय दोन छायाचित्रांत दोन तऱ्हांनी दिसतो. फ्लॅश टाळावा, कारण त्याचा उजेड कॅमेऱ्याबरोबर फिरतो. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स एकदा ठरवून कायम ठेवावेत, झूमला हात लावू नये. मोबाइल जवळ नेताच तो परस्पर दुसरी लेन्स निवडत असेल, तर ती सोय आधीच बंद करावी.

खरी मेहनत चालण्याची आहे. एका जागी उभे राहून नुसता कॅमेरा वळवला, तर जवळच्या आणि लांबच्या वस्तू एकमेकींच्या तुलनेत सरकत नाहीत आणि खोली काढायला आधारच मिळत नाही. त्यामुळे गुडघा, छाती आणि डोक्याच्या वर अशा तीन उंचींवरून दगडाभोवती फेऱ्या माराव्यात, लागोपाठच्या दोन छायाचित्रांत साधारण ७० टक्के भाग सामाईक राहील इतपतच पुढे सरकावे आणि जिथून सुरुवात केली तिथेच फेरी पुरी करावी. दगड भिंतीला टेकलेला असल्यास अर्ध्या फेरीवर समाधान मानावे. शेंदूर-तेलाची चकाकी आपण हलू तशी हलते, म्हणून त्या भागाची छायाचित्रे थोडी जास्त घ्यावीत. शेंदूर खरवडण्याचे मात्र मनातही आणू नये.

छायाचित्रांतून आकार मिळतो, खरे माप मिळत नाही; त्यासाठी मोजपट्टी शेजारी ठेवावी आणि शेवटपर्यंत हलवू नये.

लॅपटॉप सोबत असल्यास जागेवरच कोलमॅप (छायाचित्रांवरून कॅमेऱ्याच्या जागा शोधणारी संगणकप्रणाली) चालवून सगळी छायाचित्रे एकाच रचनेत बसतात का ते पाहावे, कारण रचनेचे दोन तुकडे पडले तर मधली छायाचित्रे त्याच उजेडात लगेच घेता येतात. दर आठवे छायाचित्र प्रशिक्षणातून, म्हणजे पद्धतीला शिकण्यासाठी दिलेल्या छायाचित्रांतून, वगळून तयार दृश्य त्याच्याशी ताडून पाहावे. गॉशियन स्प्लॅटिंगच्या मूळ संशोधनातला दर्जा हवा असल्यास २४ जीबी व्हीरॅमचे (कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचे) ग्राफिक्स कार्ड गृहीत धरावे. गॉशियन स्प्लॅटिंगची मूळ प्रणाली १६०० पिक्सेलपेक्षा रुंद चित्रे आपणहून लहान करते, तेव्हा निव्वळ मेगापिक्सेलसाठी नवा कॅमेरा घेण्याचे कारण नाही.