हिंगणघाटात बसून ब्रिटनची गॅसबिलं तपासताना

बी.कॉम. झाल्यावर गावात राहून करण्यासारखी कामं मोजकीच. त्यातलं एक मी करते: ब्रिटनमधल्या कारखान्यांची गॅसबिलं तपासणं. कंपनी पुण्याची, लॅपटॉप तिचा, इंटरनेट आपलं. बाहेर मे महिन्याचं ऊन रणरणत असतं आणि आपण जानेवारीतल्या बर्फाच्या दिवसाचा हिशेब लावत असतो.

एक्सेल येत असेल तर निम्मं काम जमतं. नवी पोरं अडतात ती कॅपॅसिटी चार्जच्या ओळीवर. जेवढा गॅस जाळला तेवढे पैसे, असं गृहीत धरलेलं असतं. पण स्थानिक पाइपलाइनचं भाडं मुख्यतः एका दिवसाच्या कमाल मागणीवर लागतं. तिला तिथे एसओक्यू म्हणतात. वर्षाचा वापर म्हणजे एक्यू. आपल्या जिनिंगवाल्याला हे चटकन कळतं, कारण कापसाचा हंगाम संपून मशीन बंद पडली तरी त्याला विजेचा डिमांड चार्ज सुटत नाही.

पाइपलाइन सरासरी दिवसापुरती ठेवून चालत नाही. वीस वर्षांतून एकदा पडेल अशा कडाक्याच्या दिवसालाही ती पुरली पाहिजे, असं तिथल्या कंपन्यांवर बंधन आहे. तो खर्च गिऱ्हाइकांत वाटला जातो.

एक गणित हाताने सोडवाच. वर्षाचा वापर ७३ लाख किलोवॅट-तास, म्हणजे दिवसाची सरासरी २० हजार. वर्षभर भट्ट्या चालवणाऱ्या बेकरीचा लोड फॅक्टर (म्हणजे दिवसाची सरासरी भागिले कमाल दिवसाची मागणी) ८० टक्के धरला, तर एसओक्यू २५ हजार. फक्त हिवाळ्यात बॉयलर पेटवणाऱ्या गोदामाचा ४० टक्के धरला, तर ५० हजार. गॅस तेवढाच, पण कॅपॅसिटीची ओळ जवळपास दुप्पट! मुलाखतीत मला हेच विचारलं होतं.

रोजचं रीडिंग नसलेल्या मोठ्या जागांचा लोड फॅक्टर डिसेंबर ते मार्चच्या वापराचं प्रमाण पाहून ठरतो. रोज मोजणी होणाऱ्या सर्वांत मोठ्या जागांना रॅचेट लागतं: ऑक्टोबर ते मे दरम्यान एका दिवशी जरी मर्यादा ओलांडली तरी एसओक्यू वर चढतो.

बिल हाती आलं की आधी एसओक्यू गुणिले दर गुणिले दिवस करून बघा. मग गिऱ्हाइकाला विचारा, मधल्या काळात एखादा बॉयलर बंद केला का. केला असेल आणि आकडा जुनाच असेल, तर दुरुस्तीचा अर्ज तिथूनच सुरू होतो. तारखा लावताना मात्र सांभाळा, तिथला गॅसचा दिवस पहाटे ५ ला सुरू होतो.