आजोबांचं थेटर शोधायचं असेल तर

सँडहर्स्ट रोड स्टेशनवर उतरू नका. मी उतरले होते आणि अख्खा रविवार डोंगरीत फिरून संध्याकाळी हात हलवत घरी आले. आजोबा म्हणायचे, ‘लहानपणी सँडरोडच्या थेटरात हरिश्चंद्र बघितला.’ मी सरळ नकाशा उघडला आणि स्टेशन गाठलं. पण सँडहर्स्ट रोड हा स्टेशनापासून पार गिरगावाकडे ऑपेरा हाऊसपर्यंत जाणारा लांबच लांब रस्ता होता. आज त्याचं नाव सरदार वल्लभभाई पटेल मार्ग. आजोबांचं थेटर त्याच्या गिरगावाकडच्या टोकाला होतं, आमच्या चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

घरात कुणी ‘आमच्या वेळी अमक्या थेटरात’ असं म्हणत असेल आणि ती जागा शोधायची इच्छा असेल, तर मुंबईपुरतं तरी ते कसं करायचं हे मी माझ्या चुकांतून शिकले आहे. तेच इथे लिहिते.

पहिलं काम, रस्त्यांची नावं जुळवून घ्या. वहीच्या पहिल्या पानावर जुनं नाव डावीकडे, नवं उजवीकडे. लॅमिंग्टन रोड म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग. फॉकलंड रोड म्हणजे पठ्ठे बापूराव मार्ग. हॉर्नबी रोड म्हणजे दादाभाई नौरोजी मार्ग. गिरगाव रोड म्हणजे जगन्नाथ शंकरशेट मार्ग. आणि ‘पिला हाऊस’ असं कुणी म्हणालं तर पिवळं घर शोधत बसू नका. ते ‘प्ले हाऊस’ आहे, लोकांच्या तोंडी रुळून तसं झालं. ग्रँट रोडच्या त्या भागात आधी नाटकं, तमाशे होते, मग त्याच इमारतींत पडदे लागले.

थेटरांचीही नावं बदलली आहेत. फोर्टातल्या नॉव्हेल्टीच्या जागी पुढे एक्सेलसिअर आलं. बोरीबंदरसमोरचं गेइटी म्हणजे नंतरचं कॅपिटॉल. त्यामुळे एका थेटराचं नाव सापडलं की काम संपत नाही. त्याआधी तिथे काय होतं आणि नंतर काय झालं, हे दोन्ही विचारायचं.

दुसरं काम माणसांशी बोलण्याचं, आणि इथे घाई करू नका. ‘कोणता सिनेमा बघितला?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी. सिनेमाचं नाव माणसं चुकवतात, कारण नंतर ऐकलेली नावं आठवणीत मिसळतात. आधी विचारा: घरातून निघालात की डावीकडे वळायचात की उजवीकडे? तिकिटाला किती आणे पडले? कुठे बसलात, बाकावर की जमिनीवर? कोण सोबत होतं? परत येताना काय खाल्लं? माझ्या आजीला सिनेमाचं नाव एकदाही आठवलं नाही. पण बायकांचं दार वेगळं होतं, ते बोळात उघडायचं, आणि आत शिरताना पायरी खोल असल्यामुळे सासूबाई दर वेळी ‘पाय बघ’ म्हणायच्या, हे तिनं मला तीनदा तसंच्या तसं सांगितलं. अशी पायरी जागेवर गेल्यावर कामाला येते.

आजोबांकडून मात्र मला वेगळंच काही मिळालं. ते मूकपटांना तबला वाजवायचे, गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये. पडद्याखाली एका बाजूला हार्मोनियमवाला आणि हे. मी विचारलं, काय वाजवायचं हे कसं कळायचं? तर त्यांनी जेवणाच्या डब्याचं झाकण उलटं ठेवलं आणि बोटांनी सुरू केलं. घोड्यांच्या पाठलागाला द्रुत तीनताल, मारामारी आली की नुसता डग्गा घुमवायचा, आणि नायिका रडायला लागली की हात उचलून घ्यायचा. त्या वेळी एकटी पेटी चालू. ‘तबला थांबला की पिटातली, म्हणजे पडद्याजवळच्या स्वस्त जागांवरची, माणसं पण गप्प व्हायची,’ ते म्हणाले. आणि दृश्यांच्या मधे पडद्यावर येणाऱ्या मजकुराच्या पाट्या? एकेका पाटीवर दोनतीन भाषा असायच्या. ज्याला वाचता येई तो मोठ्यानं वाचायचा, शेजारचे दहा जण ऐकायचे. तेव्हा तबला हळू वाजवायचा, म्हणजे वाचणाऱ्याचा आवाज पोचेल. ही गोष्ट मला कुठल्याच जाहिरातीत सापडली नसती. म्हणून सांगते, मोबाईलवर ध्वनिमुद्रण करा, नुसतं लिहून घेऊ नका. झाकणावरचा तो ठेका माझ्याकडे आज नाही, कारण तेव्हा माझ्याजवळ फक्त पेन होतं.

तिसरं काम, साल ठरवणं. माणसं साल सांगत नाहीत, खुणा सांगतात. त्या खुणांना पक्क्या तारखा जोडायच्या. विजेची ट्राम असेल तर 1907 नंतरचं, कारण मुंबईत ती त्या वर्षी मे महिन्यात सुरू झाली. ‘तिकिटावर सरकारी कर बसला’ असं म्हणाले तर 1923 किंवा पुढचं. मुंबई इलाख्यात करमणूक कर तेव्हा आला. ‘बोलपट यायच्या आधी’ म्हणाले तर 14 मार्च 1931 च्या आधीचं. त्या दिवशी मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. गर्दी एवढी की पोलीस बोलवावे लागले, आणि चार आण्यांचं तिकीट बाहेर चार-पाच रुपयांना विकलं गेलं. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत त्याच पडद्यावर ‘अयोध्येचा राजा’ आला, मराठी बोलपट. घरात सगळे त्या दोन तारखांचं कौतुक सांगतात. आमच्या आजोबांच्या लेखी त्यांचा अर्थ एवढाच की पडद्याखालची जागा रिकामी झाली. ते नंतर एका छापखान्यात लागले.

आता त्यांच्या हरिश्चंद्राचं उदाहरण घेऊ. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ सँडहर्स्ट रोडवरच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 3 मे 1913 ला लागला आणि 23 दिवस चालला. आजोबांचा जन्म 1908 चा. पाच वर्षांच्या मुलाला थेटरातलं इतकं नीट आठवेल का? मला शंका आली. मग कळलं की फाळक्यांनी 1917 साली तोच विषय पुन्हा चित्रित केला. तेव्हा आजोबा नऊ वर्षांचे होते. घरात ‘पहिला भारतीय चित्रपट पहिल्या दिवशी पाहिलेला माणूस’ अशी त्यांची ख्याती होती, ती मी मोडली म्हणून काकांना वाईट वाटलं. पण खरं ते लिहायचं. नऊ वर्षांचा मुलगा गर्दीत काकाच्या खांद्यावर बसून हरिश्चंद्र बघतोय, हे मला कमी मोलाचं वाटत नाही.

चौथं काम कागदपत्रांचं. जुनी वर्तमानपत्रं हाच मोठा ठेवा. मुंबईत एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आणि दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्यात लॉ कॉलेज रोडवरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. थेटरांचे परवाने पोलीस आयुक्तांकडे असायचे, म्हणून एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारातही विचारा. 1927-28 साली सिनेमाची चौकशी करणाऱ्या सरकारी रंगाचारियर समितीनं देशभर फिरून थेटरमालक, वितरक, शिक्षक अशा अनेकांच्या साक्षी घेतल्या. त्यांचे छापील खंड जालावर सापडतात. प्रश्नोत्तरं असल्यानं वाचायला सोपे आहेत.

जाहिरात वाचताना चित्रपटाच्या नावावर थांबू नका. दर बघा, खेळांच्या वेळा बघा, बायकांची सोय लिहिली आहे का ते बघा. 7 जुलै 1896 ला काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात पडद्यावर हलती चित्रं दाखवणाऱ्या फ्रान्सच्या लुमिएर बंधूंचा माणूस, मारियस सेस्तिए, सहा छोट्या चित्रफिती घेऊन आला तेव्हा तिकीट होतं एक रुपया. तो ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर होता, मुंबई हे त्याचं मधलं बंदर. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टीला गेले आणि तिथे दर झाले चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत, शिवाय पडदानशीन बायकांसाठी वेगळे बॉक्स. या दोन जाहिराती शेजारी ठेवल्या की कळतं, साहेबांच्या हॉटेलातून सिनेमा गावात कसा उतरला. एक सवय आणखी लावून घ्या: त्याच अंकातल्या बोटींच्या बातम्याही वाचा. यंत्रं, रिळं, प्रोजेक्टरच्या दिव्याला लागणाऱ्या कार्बनच्या कांड्या सगळं बोटीनंच यायचं. बातमीचा फोटो काढाल तेव्हा पानावरची तारीख चौकटीत येऊ द्या. माझ्याकडे बिनतारखेचे चाळीस फोटो पडून आहेत, ते पुन्हा काढावे लागणार.

शेवटी जागेवर जा. रविवारी सकाळी सातला. तेव्हा दुकानांची शटरं खाली असतात, फुटपाथ मोकळा असतो, आणि मान वर करून बघता येतं. खालचा मजला पाट्यांनी झाकलेला असतो, जुनं सगळं वरच्या मजल्यावर टिकतं: नक्षी, कोरलेलं नाव, कधी सालही. इमारत उभी असेल तर मागच्या बोळात शिरा. बाहेर पडायची जादा दारं, जाडजूड भिंत आणि उंचावर लहानशी खोली दिसली तर ती बहुधा प्रोजेक्टर चालवणाऱ्या ऑपरेटरची. तेव्हाची फिल्म चटकन पेट घ्यायची, म्हणून ती खोली प्रेक्षकांपासून तोडलेली असे. इमारत गेली असेल तर निदान नाव शोधा. मॅजेस्टिक पाडलं, तिथे आता दुकानांचं संकुल आहे, पण नाव तेच. मॅजेस्टिक बुक स्टॉलचं नावही त्या थेटरावरूनच पडलं.

आणि घरापासून तिथपर्यंत चालत जा, घड्याळ लावून. आजोबा म्हणायचे, चाळीपासून थेटर दोन विड्यांवर, म्हणजे दोन विड्या ओढून होईपर्यंत पोचायचं. मी चालले तेव्हा अकरा मिनिटं लागली. वहीत मी दोन्ही लिहून ठेवलं आहे.