विदर्भात वाटाणा कधी पेरावा

थंड मुलखात वाटाणा वसंताच्या आरंभी पेरतात; हिमाचलातल्या लाहौल-स्पितीत तर बर्फ वितळल्यावर, एप्रिल-मे महिन्यांत पेरणी होते. तोच सल्ला मानून आपल्याकडे फेब्रुवारीत बी टाकले, तर फुलोऱ्याच्या सुमारास होळी येते आणि दुपारचा पारा ३५ अंशांपर्यंत चढलेला असतो. तापमान ३० अंशांच्या वर राहू लागले की वाटाण्याचे फूल गळते, शेंगेत दाणे कमी भरतात आणि दाण्यातली गोडी जाऊन तो लवकर पिठूळ होतो. विदर्भातला खरा गारवा डिसेंबर आणि जानेवारी या दोनच महिन्यांचा असल्यामुळे फुलोरा व दाणे भरणे या दोन्ही गोष्टी त्यातच बसल्या पाहिजेत, आणि पेरणीचा दिवस तिथून मागे मोजून काढला पाहिजे.

हा हिशेब वाणावर अवलंबून असतो. अर्केल हा लवकर येणारा वाण साधारण ५५ ते ६० दिवसांत पहिल्या तोडणीला येतो. बोनव्हिलाला ८० ते ८५ दिवस लागतात. म्हणजे २५ ऑक्टोबरला पेरलेला बोनव्हिला जानेवारीच्या मध्यावर तोडणीला येईल, परंतु तोच २० नोव्हेंबरला पेरला तर तोडणी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होईल, आणि तेव्हा उन्हाबरोबर पानांवर पांढरी भुकटी आणणारा भुरी रोगही जोर धरतो. बोनव्हिला ऑक्टोबरअखेरपर्यंत आटोपावा आणि उशीर झालाच तर अर्केल निवडावा, असे माझे मत आहे. मात्र अर्केलही भुरीला बळी पडतो, हे विसरू नये.

अनेक घरी दिवाळी पाहून पेरणी ठरते, आणि यातच फसगत होते. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होते आणि २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला. सण चंद्राच्या तिथीने सरकतो, थंडी मात्र सरकत नाही. पावसाची नक्षत्रे सूर्यावरून मोजली जात असल्याने त्यांच्या तारखा जवळजवळ ठरलेल्या असतात, म्हणून चित्राचा उत्तरार्ध आणि स्वाती, म्हणजे साधारण १७ ऑक्टोबर ते ६ नोव्हेंबर, हा काळ मी धरतो. त्याआधी घाई केल्यास जमीन तापलेली असते आणि कोवळ्या रोपांना मर, म्हणजे रोप सुकवणारा रोग, लागते.

तारीख जुळली तरी शेवटचा निर्णय जमिनीचाच असतो. सोयाबीन निघाल्यावर आपल्या काळ्या भारी जमिनीत परतीच्या पावसाची ओल बरीच राहते, आणि वाटाण्याचे सुरकुतलेले, गोड बी ओल्या चिखलात फार लवकर सडते. एका वर्षी पाऊस उघडताच दुसऱ्या दिवशी मी पेरणीची तिफण धरली. बी सोडायच्या नळीत, म्हणजे सरत्यात, माती चिकटत होती, तरीही मी थांबलो नाही, आणि निम्म्याहून अधिक बी उगवलेच नाही. तेव्हापासून चार बोटे खोलीची माती मुठीत दाबून तिचा गोळा करतो आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडतो. गोळा फुटून भुरभुरीत झाला तर वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला असे समजावे. चपटा होऊन तसाच राहिला तर आणखी दोन-तीन दिवस थांबावे, आणि मूठ उघडताच माती विखुरली तर हलके पाणी देऊन पुन्हा वाफसा येऊ द्यावा. उगवणीला मातीचे तापमान २० ते २२ अंश असणे सर्वांत चांगले. थर्मामीटर असल्यास तो सकाळी बियाच्या खोलीवर, म्हणजे ४ ते ५ सेंटिमीटर, खुपसून पाहावा. नसल्यास पहाटे धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) गवतावर सलग चार-पाच दिवस दव दिसणे ही चांगली खूण आहे.

वाट पाहण्याच्या दिवसांत १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासावी. घरच्या वापरासाठी सगळे बी एकाच दिवशी न टोबता दहा-दहा दिवसांच्या अंतराने तीन वेळा टोबावे, म्हणजे तोडणीही लांबते. नोव्हेंबरचा तिसरा आठवडा उलटूनही शेत मोकळे झाले नसेल, तर वाटाण्याचे बी पुढच्या वर्षासाठी कोरड्या जागी ठेवून त्या तुकड्यात मेथी आणि सांबार (कोथिंबीर) टाकावा.