फौंड्रीतली सुरक्षा आणि सरकारी मदत : या चुका टाळा

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा उद्यमनगर या औद्योगिक भागांत फौंड्रीतल्या, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यातल्या, सुरक्षेचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "सबसिडी किती?" घोळ इथंच सुरू होतो. कामगाराला नेमका धोका कुठं आहे हे आधी ठरवा, पैसा त्यानंतर शोधा.

केंद्राच्या झेड (झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट) या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांना दर्जाची प्रमाणपत्रं देणाऱ्या योजनेत ब्रॉन्झ, सिल्व्हर आणि गोल्ड प्रमाणपत्रांचं शुल्क अनुक्रमे १०,०००, ४०,००० आणि ९०,००० रुपये आहे. त्यात सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुला ६० आणि मध्यमला ५० टक्के सूट मिळते. कामाच्या जागेची सुरक्षा अगदी ब्रॉन्झलाही तपासली जाते. पण ही सूट शुल्कावर आहे, यंत्रावर नाही. डस्ट कलेक्टरचं (धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राचं) बिल जोडलं की ८० टक्के परत येतील, या समजुतीनं ऑर्डर देऊन टाकणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. सल्लागार आणि तंत्रज्ञानासाठीची मदत वेगळी असते, तिच्या अटीही वेगळ्या. त्या वाचल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका. यंत्रासाठी कर्ज काढायचं आणि तारण नाही, अशी अडचण असेल तर बँकेत सीजीटीएमएसई, म्हणजे तारणाशिवायच्या कर्जाला मिळणाऱ्या सरकारी हमीबद्दल विचारा.

उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे मोजू नका. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा अडीच कोटी गुंतवणूक आणि १० कोटी उलाढाल अशी झाली. काल लघु असलेले कितीतरी कारखाने आता सूक्ष्म गटात बसतात. गट बदलला की सूटही बदलते, म्हणून अर्जाआधी आपला गट बघून घ्या. नोंदणीवर जुन्या शेडचाच पत्ता राहिला असेल तर तोही दुरुस्त करा.

आता धुळीचं. फेटलिंग (ओतलेला भाग घासून साफ करणं) आणि शेकआउटला (वाळूचा साचा फोडून भाग काढणं) उडणाऱ्या वाळूतली सिलिकाची सर्वांत घातक धूळ डोळ्याला दिसतच नाही, आणि सिलिकोसिस हा या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार झाल्यावर फुप्फुसं पूर्ववत होत नाहीत. तरी खरेदीत पहिला नंबर मास्कचा लागतो, तोंडाला बांधलेल्या रुमालावरही भागवलं जातं. रुमाल ही धूळ अडवत नाही. धूळ जिथं उठते तिथंच ती ओढून घ्यायची सोय करा, जमेल तिथं पाणी मारून काम करा. मास्क त्यानंतर, आणि तोही चेहऱ्याला नीट बसणारा. काँप्रेसरच्या हवेनं जमीन झाडणं आजच बंद करा. मात्र भट्टी आणि लॅडलजवळ (वितळलेला धातू ओतायच्या भांड्याजवळ) पाणी नकोच. ओलं स्क्रॅप किंवा ओला खड्डा वितळलेल्या धातूखाली आला की वाफेचा स्फोट होतो. ही शिस्त पाळायला कुठलंही अनुदान लागत नाही.

कागदपत्रांत बहुतेक अर्ज अडतात ते पुराव्यावर. प्रशिक्षण झालेलं असतं, पण रजिस्टरवर सह्या नसतात. अग्निशामक सिलिंडरची मुदत संपलेली असते. दुसऱ्याच्या शेडचे फोटो लावायच्या फंदात पडू नका. काम सुरू करण्याआधी आणि झाल्यावर, त्याच कोपऱ्यातून, तारखेसह फोटो काढा. किरकोळ भाजलं, बोट चेमटलं तरी नोंद करा. पुढचा खर्च आधी कुठं करायचा, हे त्याच वहीवरून ठरवता येतं.