'रन' शिकायचा असेल तर आधी 'लागणे' लिहून काढा

कागद-पेन घेऊन बसा आणि इंग्रजीकडे वळायच्या आधी आपलं 'लागणे' लिहून काढा. मी गुहागर तालुक्यात एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. आता निवृत्त आहे, तरी धोपाव्याच्या घराच्या पडवीत संध्याकाळी पाच-सहा मुलं येऊन बसतात, आणि पहिल्या दिवशी प्रत्येकाला मी हेच करायला लावते. भूक लागते. ठेच लागते. खाडीला भरती लागते, होडी धक्क्याला लागते. फणस बुंध्याला लागतो. आमटी खारट लागते. दाभोळला जायला फेरीबोटीचे पैसे लागतात. डोळा लागतो, नाद लागतो, पाऊस लागून राहतो. चिपळूणची एसटी फलाटाला लागते, आणि त्याच एसटीत बसल्यावर वळणावळणाच्या रस्त्यात एखाद्याला गाडी लागते. ओली सुपारी सवय नसताना खाल्ली तर सुपारी लागते.

दहा मिनिटांत पंचवीस-तीस वाक्यं सहज होतात. मग मी विचारते, "यातलं तुम्ही पाठ काय केलंत?" काहीच नाही. 'सुपारी लागली' म्हणजे चक्कर आली हे कसं कळलं? शेजारी सुपारी होती म्हणून. 'गाडी लागली' म्हणजे फलाटावर उभी राहिली की पोटात ढवळलं, हे कसं कळलं? बोलणारा कुठे उभा आहे ते दिसत होतं म्हणून. इंग्रजी 'रन'ही असाच शिकायचा, शेजाऱ्यांवरून.

हा शब्द लहान दिसतो, तीन अक्षरांचा. पण ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या वीस खंडी आवृत्तीत 'सेट' या शब्दाची नोंद सर्वांत लांब होती, आणि पुढच्या आवृत्तीचं काम करताना 'रन'ने त्याला मागे टाकलं. २०११ मध्ये कोशकारांनी सांगितलं की नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले. पीटर गिलिव्हर या संपादकांना त्या एका नोंदीला नऊ महिने लागले. तेव्हा यादी पाठ करण्याचा विचारही करू नका. यादी संपत नाही आणि पाठ केलेलं ऐन वेळी आठवत नाही.

हे मला फार उशिरा कळलं. वेलदूरचा माझा एक विद्यार्थी जहाजावरच्या नोकरीसाठी मुंबईला मुलाखतीला गेला होता. वडिलांची बोट, बाराव्या वर्षापासून हा इंजिनाशी खेळलेला. त्याला विचारलं, "हॅव यू एव्हर रन अ पंप?" त्याला वाटलं धावण्याबद्दल विचारतायत. त्याने शाळेच्या शंभर मीटर शर्यतीत दुसरा आल्याचं सांगितलं. त्याला पंप येत होता, 'रन' येत नव्हता, आणि तो 'रन' त्याला मी शिकवलेला होता. 'रन म्हणजे धावणे' असं फळ्यावर मीच लिहिलं होतं, पुढे काही न लिहिता. त्या दिवसापासून मी शिकवण्याची पद्धत बदलली. तीच इथे देते.

आधी मनातून पाय काढून टाका. जर्मन ही इंग्रजीची जवळची बहीण, आणि तिच्यात याच कुळातलं 'रिनेन' हे क्रियापद आजही वाहणे, पाझरणे याच अर्थाने वापरतात. म्हणजे वाहणं हे या शब्दात मुळापासूनच आहे, पायांच्या धावण्याला मागाहून चिकटवलेलं नाही. आपल्याकडेही अगदी असंच झालंय. संस्कृतातल्या 'सृ' धातूत जाणं, वेगाने धावणं आणि वाहणं तिन्ही आहेत. त्यावरूनच नदीला सरिता म्हणतात. त्याच कुळातलं मराठीतलं 'सरणे' पाहा: जरा सरून बस, दिवस सरले, डब्यातलं तेल सरलं. आता इंग्रजीत तेल सरलं कसं म्हणतात? "द ऑइल हॅज रन आउट." पडवीतल्या मुलांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, म्हणजे ते पण 'सरलं'च म्हणतात!" हो, तेच म्हणतात.

आता वाक्य समोर आलं की पहिला प्रश्न विचारा: कोण 'रन' करतंय?

पातळ पदार्थ असेल तर तो वाहतोय. नळ, नदी, नाक, डोळ्यांतलं पाणी. 'हर नोज इज रनिंग' म्हणजे तिचं नाक गळतंय. वाशिष्ठी सह्याद्रीतून निघून चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत समुद्राला मिळते, तेही 'रन'च. पण इथे एक खाच आहे. आपण नाकालाही 'गळतं' म्हणतो आणि कौलांनाही. इंग्रजीत कौलं 'रन' करत नाहीत, 'लीक' करतात. जिथून पाणी बाहेर यायला नको अशा भोकातून, फटीतून आलं तर 'लीक', आपल्या वाटेने वाहिलं तर 'रन'. रंगाचंही तसंच. बांधणीची ओढणी भिजवली आणि लाल रंग पांढऱ्या सदऱ्यावर उतरला, तर 'द कलर रॅन'. तीच ओढणी दोन उन्हाळे दांडीवर वाळून फिकी पडली तर 'फेडेड'. आपण दोन्हीला 'रंग गेला' म्हणतो, म्हणून मुलं इथे हमखास चुकतात.

यंत्र असेल तर ते चालू आहे. जहाजावर जाणाऱ्या मुलांनी हे घट्ट धरावं. पंप, जनरेटर, इंजिन किती तास चालले याची तिथे नोंद ठेवतात, तिला 'रनिंग आवर्स' म्हणतात, आणि त्या तासांवरून दुरुस्ती, तेलबदल ठरतो. रात्री चालत्या जहाजावर डाव्या अंगाला लाल आणि उजव्या अंगाला हिरवा दिवा असतो, त्यांना 'रनिंग लाइट्स'ही म्हणतात. शिडाच्या जहाजावर जे दोर ओढता-सोडता येतात ते 'रनिंग रिगिंग', आणि डोलकाठीला ताणून धरणारे, जागचे न हलणारे ते 'स्टँडिंग रिगिंग'. शब्दातलं हलतेपण इथे डोळ्यांनी दिसतं.

रस्ता, रेषा, कुंपण असेल तर ते पसरलेलं आहे, हलत काहीच नाही. कोकण रेल्वेचा मार्ग रोह्यापासून ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर 'रन' करतो. आमच्या आगराच्या कडेने चिऱ्यांचा गडगा समुद्रापर्यंत गेलाय. गडगा कुठे जातो का? पण मराठीत 'गेलाय' म्हणतोच ना. मराठीत रस्ता जातो, इंग्रजीत 'रन्स', एवढाच फरक.

वाहन वेळापत्रकावर असेल तर ते सुटतं, ये-जा करतं. दाभोळ-धोपावे फेरीबोट रोज 'रन' करते. आणि एखादी गोष्ट घराण्यात चालत आलेली असेल, उदाहरणार्थ आमच्या घरातले सगळ्यांचे कुरळे केस, तर 'इट रन्स इन द फॅमिली'.

दुसरा प्रश्न: 'रन'च्या पुढे लगेच एखादी वस्तू आहे का? इथे आपली भाषा आपल्याला मदत करते. मराठीत जोडी आहे: चालणे आणि चालवणे. दुकान चालतं, काका दुकान चालवतात. इंग्रजीत ही जोडी नाही, दोन्हीकडे 'रन' वापरतात. 'द पंप रन्स' म्हणजे पंप चालतो, 'ही रन्स द पंप' म्हणजे तो पंप चालवतो. पुढे वस्तू दिसली की मनात 'चालवणे' म्हणून बघा, दहातल्या सात वेळा अर्थ लागेल. उरलेल्या तीन वेळा अडेल: 'रन अ फीवर' म्हणजे अंगात ताप असणं, 'रन अ रिस्क' म्हणजे धोका पत्करणं, 'रन अ बाथ' म्हणजे आंघोळीचं पाणी सोडणं. ही अडणारी वाक्यंच तेवढी वहीत लाल पेनने लिहा.

उलट दिशेने जाताना मात्र 'चालवणे' फसवतं. एसटीचा चालक गाडी चालवतो तेव्हा तो 'ड्राइव्ह' करतो. महामंडळ गाड्या चालवतं तेव्हा ते 'रन' करतं. हातात चाक असलेला 'ड्राइव्ह', कारभार हाती असलेला 'रन'. मोबाइल चालत नाही म्हणायचं असेल तर 'डझन्ट वर्क'. आणि आपण हजार वेळा म्हणतो ते 'चालेल' इंग्रजीत नेताना 'रन' पूर्ण विसरा, तिथे 'फाइन' किंवा 'ऑल राइट' पुरे.

तिसरा प्रश्न सर्वांत कामाचा: मागून कोणता छोटा शब्द आलाय? 'आउट', 'इंटू', 'ओव्हर', 'डाउन' हे सुट्टे शिकूच नका. 'रन'ला जोडून एकच शब्द असल्यासारखे लिहा.

'रन आउट'ने आपल्या मुलांना क्रिकेटच आठवतं. तिथे फलंदाज धाव पुरी करण्याआधी बाद होतो. घरात मात्र पीठ, गॅस, डिझेल, वेळ, धीर हे सगळं 'रन आउट' होतं, म्हणजे सरतं. वस्तू पुढे आली की 'ऑफ' लागतो: 'वी रॅन आउट ऑफ आइस'. बोटीवर बर्फ सरला तर मासळीचं काय होतं हे वेलदूरच्या मुलांना सांगावं लागत नाही, म्हणून ते वाक्य त्यांच्या लगेच लक्षात राहतं. विहीर मे महिन्यात आटते, तिथे 'आउट' नको, 'रन ड्राय' हवं: 'द वेल हॅज रन ड्राय'. बोट ओहोटीला वाळूत रुतली तर 'रन अग्राउंड'.

'रन इंटू' म्हणजे बाजारात अचानक कोणाची गाठ पडणं, किंवा एखाद्या वस्तूवर आदळणं. माणूस असेल तर बहुधा पहिलं, खांब असेल तर दुसरं. 'रन ओव्हर' जपून वापरा. सभा लांबली तर सभा 'रन ओव्हर' होते, पण माणसाला 'रन ओव्हर' केलं म्हणजे तो चाकाखाली आला. 'रन डाउन'मध्ये उतरती कळा आहे: घड्याळाची चावी उतरली, घराची पडझड झाली, आजारपणाने माणूस खंगला, किंवा कोणी कोणाला तोंडाने खाली पाडलं, म्हणजे निंदा केली. 'रन थ्रू' म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा झरझर घेणं. शिमग्याआधी नमनाची मंडळी सगळे खेळ एकदा करून बघतात, तसं.

निवडणुकीचं सांगते. आपल्याकडे उमेदवार उभा राहतो. ब्रिटनमध्येही 'स्टँड' करतो. अमेरिकेत 'रन' करतो. तेव्हा बातमीत कोणी अध्यक्षपदासाठी 'रनिंग' दिसला तर तो उभा आहे असंच समजा.

नाम म्हणून येणारे अर्थ थोडक्यात बघा: क्रिकेटची धाव, जाळी लावलेली कोंबड्यांची फिरायची जागा, मासे अंडी घालायला नदीत वर चढतात तो हंगाम, बँक बुडणार या भीतीने खातेदारांची पैसे काढायला झालेली झुंबड. 'ड्राय रन' म्हणजे रंगीत तालीम, 'इन द लाँग रन' म्हणजे शेवटी, पुढचा विचार करता. एवढे पुरेत. बाकीचे भेटतील तेव्हा बघू.

रूपं तीनच: रन, रॅन, रन. तिसरं पहिल्यासारखं असतं हे विसरून 'हॅज रॅन' लिहिलं जातं. मी वहीत ते दिसलं की पुसायला लावत नाही, त्याखाली बरोबर वाक्य तीनदा मोठ्याने म्हणायला लावते. ही चूक हातापेक्षा कानाने लवकर सुटते.

आता वही. शंभर पानी घ्या. एक पान पाण्याचं, एक यंत्राचं, एक रस्त्या-रेषांचं, एक 'चालवणे'चं, आणि प्रत्येक छोट्या शब्दाला एकेक. रोज तीन वाक्यं, ती स्वतःच्या वाडीतली, स्वतःच्या घरातली. लंडनची नकोत. समोर मराठी अर्थ लिहू नका, त्याऐवजी 'कोण' आहे त्याखाली रेघ मारा. महिनाभरात नव्वद वाक्यं होतात आणि नवं वाक्य कोणत्या पानावर जाईल हे आपोआप कळायला लागतं.

आजच्यासाठी ही सहा घ्या. अंगणातला नळ चालू राहिलाय. आमचा मामा खानावळ चालवतो. पाखाडी थेट देवळापर्यंत जाते. फेरीबोट आज बंद आहे. मीठ सरलंय. गुहागरच्या बाजारात काल आमच्या जुन्या बाई भेटल्या. पाचव्यात आणि सहाव्यात छोटा शब्द लागेल, आणि चौथ्यात 'नॉट' कुठे ठेवायचा ते नीट बघा.