बीफ स्टू चिवट होतोय? या चुका टाळा

गेल्या ईस्टरला मालाडच्या आमच्या घरी पाहुणे यायची वेळ झाली, तरी पातेल्यातलं मांस रबरासारखं. दीड तास झाला होता. मी घाबरून गॅस मोठा केला. अर्ध्या तासाने तुकडे सुटले खरे, पण धागे धागे झाले आणि खाताना घशाला कोरडे लागले.

चूक आचेची होती. मांस चिवट असतं ते त्यातल्या पांढऱ्या पडद्यांमुळे. ते विरघळून रस्सा दाट, किंचित चिकट होतो, पण त्याला मंद आच आणि वेळ दोन्ही लागतं. खळखळ उकळलं की धागे आवळतात आणि आतला रस पिळून बाहेर टाकतात. पातेल्याच्या कडेला अधूनमधून एखादा बुडबुडा फुटला पाहिजे, एवढंच. आपल्या शेगडीचा लहान बर्नर बारीक केला तरी पुष्कळदा जास्तच तापतो, म्हणून मी पातेल्याखाली जुना लोखंडी तवा ठेवते. बिर्याणीला दम देतो तसंच. झाकण किंचित तिरकं.

वेळही नीट धरा. मुंबईत बीफ म्हणून मिळतं ते म्हशीचं किंवा रेड्याचं. 2015 पासून राज्यात गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे. जनावर वयाने मोठं असेल तर परदेशी कृतीतले दोन तास पुरत नाहीत. मी तीन तास हाताशी ठेवते.

खाटकाकडे अंडरकट, म्हणजे कमरेच्या आतलं मऊ मांस, मागू नका. तो महाग, आणि तव्यावर पटकन परतायला उत्तम; स्टूत मात्र भुसभुशीत होतो. पायाचं, नळीजवळचं मांस घ्या, दीड इंचाचे तुकडे करून. लहान तुकडे शिजेपर्यंत विरतात.

कच्ची पपई लावायचा मोह टाळा. ती वरचा थर लिबलिबीत करते, आत फारशी पोचत नाही.

परतताना एक किलो मांस एकदम टाकलंत तर पाणी सुटतं आणि ते त्याच पाण्यात उकडतं. रंग येत नाही. तुकडे पुसून कोरडे करा, पाव-पाव किलो टाका आणि बाजू तपकिरी होईपर्यंत हलवू नका. तळाला चिकटलेला तपकिरी थर म्हणजे अर्धा स्टू. कांदा टाकून तो खरवडून घ्या. थर काळा पडला असेल तर मात्र पातेलं बदला, कडवटपणा नंतर जात नाही.

बटाटे आणि गाजर शेवटच्या पाऊण तासात. सिरका किंवा टोमॅटो जास्त असेल तर बटाटा लवकर मऊ होत नाही, म्हणून सिरका अगदी शेवटी. बॉटल मसाला (मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतला मिश्र मसाला) घालत असाल तर कांद्याबरोबर, एक चमचा पुरे. मीठही सुरुवातीला निम्मंच; रस्सा आटला की खारटपणा वाढतो.

पातळ झाला? मैदा कालवू नका. दोन बटाटे रश्शातच कुस्करा आणि झाकण काढून दहा मिनिटं ठेवा. खारट झाला तर गरम पाणी आणि आणखी थोडे उकडलेले बटाटे.

स्टू दुसऱ्या दिवशी जास्त मुरतो, पण आपल्या दमट हवेत रात्रभर ओट्यावर राहू देऊ नका. पसरट भांड्यात ओतून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर गोठलेली चरबी चमच्याने उचला, मंद आचेवर गरम करा आणि सोबत खायला फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोल पाव, तळायला घ्या.