घराचं काम चालू असताना गृहकर्ज लवकर कसं फेडावं

घराचं काम काढायचं ठरलं की पुण्यात दोन सल्ले हमखास कानावर येतात. नात्यातलं कुणीतरी वडीलधारं सांगतं, "आधी कर्ज निल कर, मग भिंतीला हात लाव." बँकेतून फोन करणारा चालू गृहकर्जावरच आणखी कर्ज देऊ करत सांगतो, "टॉप-अप घ्या सर, हप्त्यात फारसा फरक पडत नाही." मला हे दोन्ही सल्ले पटत नाहीत. पहिला ऐकलात तर बाथरूमची गळती तोवर खालच्या मजल्यावर उतरते आणि खर्च वाढतो. दुसरा ऐकलात तर आज बसवलेलं वॉर्डरोब मोडीत गेल्यावरही त्याचे हप्ते चालू राहतात. कोथरूडचं आमचं घर, भावाचं बिबवेवाडीतलं, मग नात्यातल्या आणि ओळखीतल्यांची घरं, सगळीकडे कर्जफेड आणि काम बरोबरीने झालेलं मी पाहिलं आहे. फक्त पैशाचा क्रम पाळावा लागतो.

सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बाजूला ठेवलेले आहेत, क्रेडिट कार्डाची थकबाकी नाही, आरोग्यविमा चालू आहे, हे मी धरून चालतो. ते नसेल तर आधी तिकडे बघा.

सोसायटीचं रिडेव्हलपमेंट

पुण्यात हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा. कोथरूड, डेक्कन, सहकारनगर या भागांतल्या जुन्या इमारती एकामागून एक पाडायला निघाल्या आहेत. सर्वसाधारण सभेत ठराव झाला असेल, आर्किटेक्ट नेमला असेल, तर नव्या फरशा घालू नका. गळती थांबवा, वायरिंग धोक्याचं असेल तर बदला आणि उरलेला प्रत्येक रुपया कर्जात भरा. "आपल्या सोसायटीत काही व्हायला दहा वर्षं लागतील" असं म्हणणाऱ्यांच्या भरवशावर राहू नका. सचिवांकडे जाऊन सभेचं इतिवृत्त वाचा. आणि तिथे गेलाच आहात तर कामाची लेखी परवानगीही घेऊन टाका.

कर्जाची आजची स्थिती

बँकेकडून खातेउतारा मागवा आणि चार आकडे कागदावर लिहा: शिल्लक मुद्दल, चालू व्याजदर, हप्ता, उरलेले हप्ते. शेवटचा आकडा बघून पुष्कळांना धक्का बसतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेक बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली. २०२५मध्ये दर उतरला, पण ती वाढलेली मुदत आपोआप पूर्वीच्या जागी आली असेलच असं नाही. ऑगस्ट २०२३च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडायचा पर्याय कर्जदाराला द्यायला सांगितलं आहे. तो मागून घ्या. जुनं कर्ज बेस रेट किंवा एमसीएलआरवर, म्हणजे बँक स्वतः ठरवते त्या जुन्या पद्धतीच्या दरांवर, अडकलं असेल तर रेपोशी जोडलेल्या दरावर बदलून घ्या. किरकोळ शुल्क लागतं, पण ते सहसा लवकर वसूल होतं.

कामाची विभागणी

पाणी, वीज, ड्रेनेज आणि भिंती-स्लॅबची दुरुस्ती एका यादीत. बाकी सगळं, म्हणजे फर्निचर, फॉल्स सीलिंग, मॉड्युलर किचन, रंग, दुसऱ्या यादीत. इतकंच.

कोणता रुपया कुठे जाणार

मलाही खरा त्रास इथेच झाला. ज्यांना मदत केली त्यांचीही गाडी इथेच अडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिला नियम: पहिल्या यादीचे पैसे कर्जात भरायचे नाहीत. कर्जात भरलेला पैसा परत मिळत नाही. तो परत हवा असेल तर बँक तोच तुम्हाला टॉप-अप म्हणून देते, प्रोसेसिंग फी घेऊन आणि बहुधा थोड्या जास्त दराने. फोडलेल्या बाथरूममध्ये काय निघेल हे आधी कुणालाच माहीत नसतं. जुन्या इमारतीत लोखंडी पाइप भिंतीतच गंजून गेलेला असतो, कोब्याखाली ओल असते. त्यामुळे पहिल्या यादीच्या अंदाजावर वीस टक्के जास्त धरा आणि ओलं काम, म्हणजे पाण्याशी संबंधित फोडाफोड आणि जोडणी, पूर्ण होईपर्यंत ती रक्कम मोडता येणाऱ्या मुदत ठेवीत ठेवा.

ओलं काम पूर्ण झालं हे मिस्त्रीने सांगायचं नाही, तुम्ही बघायचं. लादी घालायच्या आधी नहाणी ट्रॅप बंद करून दोन-तीन इंच पाणी भरा. पातळी जिथे आली तिथे भिंतीवर पेन्सिलने रेघ मारा. ४८ तासांनी ती रेघ बघा. मग खालच्या मजल्यावर जा, त्यांच्या बाथरूमचं छत आणि पाइपाभोवतीची कड हाताने चाचपा. कोरडं लागलं तरच लादी घालायला सांगा. काँट्रॅक्टर म्हणेल, "साहेब, एक दिवस पुरे." ऐकू नका. लादी बसल्यावर गळती निघाली तर पुन्हा सगळं फोडावं लागतं आणि कर्जात भरायला ठेवलेले पैसे त्यात जातात.

पाणी टिकलं, की राखीव रकमेतलं जे उरलं ते सगळं त्याच आठवड्यात कर्जात. दुसऱ्या यादीला त्यातला एक पैसा द्यायचा नाही. दुसरी यादी पुढच्या महिन्यांच्या बचतीतून, एकेक खोली करत. किचनच्या ट्रॉल्या सहा महिने उशिरा आल्या म्हणून स्वयंपाक अडत नाही. घरात यावरून कुरबूर होते, म्हणून पती-पत्नी, आणि सहकर्जदार असतील तर वडील किंवा मुलगा, सगळ्यांनी एकत्र बसून हे काम सुरू होण्याआधी ठरवा.

दुसरा नियम, आणि हा लोक सर्रास सोडून देतात: हप्ता कमी करू नका, मुदत कमी करा.

आकडे बघा. ४० लाखांचं कर्ज, ८.५ टक्के, २० वर्षं. हप्ता ३४,७१३ रुपये. पहिल्या हप्त्यातले २८,३३३ रुपये व्याजात जातात, मुद्दलात फक्त ६,३८०. पाच वर्षांत तुम्ही २० लाख ८० हजारांहून जास्त भरता आणि तरी शिल्लक राहते ३५ लाख २५ हजार. या टप्प्यावर ३ लाख भरलेत. हप्ता तोच ठेवलात तर १८० हप्त्यांचे १५२ होतात आणि व्याजाचे सुमारे ६ लाख ७० हजार वाचतात. मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून घेतलात तर हप्ता ३१,७५९ होतो आणि वाचतात फक्त २ लाख ३० हजारांच्या आसपास. रक्कम तीच, कर्ज तेच, फरक ४ लाखांहून जास्त. महिन्याला तीन हजार हातात खेळतात म्हणून दुसरा पर्याय गोड वाटतो, आणि काम चालू असताना तर फारच. पण ते तीन हजार हार्डवेअरच्या दुकानात जातात, कर्जात परत येत नाहीत.

आता बँकेचा काउंटर. ऑनलाइन पैसे भरले की ते आपोआप मुद्दलात जातात असं समजू नका. आमच्या बँकेने भरलेली रक्कम आगाऊ हप्ते म्हणून दाखवली होती. मुद्दल तिथंच, व्याज पूर्वीसारखंच. ते दुरुस्त करून घ्यायला अनेक चकरा मारल्या आणि प्रत्येक वेळी समोरचा माणूस वेगळा. तेव्हापासून मी कुणालाही तोंडी बोलू देत नाही. दोन प्रतींत अर्ज द्या आणि त्यात नेमकं असं लिहा: "आजच्या अंशतः परतफेडीची संपूर्ण रक्कम मुद्दलात जमा करावी, मासिक हप्ता आहे तोच ठेवावा आणि मुदत कमी करावी. सुधारित परतफेडीचं वेळापत्रक द्यावं." एका प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. पुढच्या महिन्यात उतारा काढून मुद्दल तेवढंच उतरलं का आणि उरलेले हप्ते कमी झाले का ते पडताळा. नसेल तर त्याच प्रतीच्या आधारे शाखा व्यवस्थापकाला लेखी तक्रार करा. तीस दिवसांत निपटारा झाला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला शुल्क नाही.

फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. कुणी "चार्जेस लागतील" म्हणालं तर ते कोणत्या नियमाने, हे लिहून मागा. फिक्स्ड दराचं कर्ज असेल तर मात्र करारपत्र वाचा.

मोठी रक्कम साठण्याची वाट बघत बसायचीही गरज नाही. वरच्याच उदाहरणात सहाव्या वर्षापासून दरमहा हप्त्यापेक्षा ५ हजार जास्त भरत राहिलात तर कर्ज सुमारे सव्वातीन वर्षं आधी संपतं. काम चालू असतानाही हे ५ हजार थांबवू नका. सुताराचं बिल एक आठवडा पुढे गेलं तर चालतं. दिवाळीचा बोनस आला तर तो बचत खात्यात पडू देऊ नका, लगेच कर्जात भरा, बहुतेक बँका कर्जाच्या रोजच्या शिलकीवर व्याज मोजतात.

काही बँका गृहकर्ज ओव्हरड्राफ्ट खात्यासारखं देतात, स्टेट बँकेचं मॅक्सगेन त्यातलंच. जादा पैसे त्यात ठेवले की तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही आणि गरज पडली तर ते काढताही येतात. ओल्या कामाची राखीव रक्कम ठेवायला यापेक्षा चांगली जागा नाही. दर मात्र साध्या गृहकर्जापेक्षा थोडा जास्त असतो, त्यामुळे दोन-चार लाख कायम पडून राहणार असतील तरच परवडतं. आणि घरात कुणाचा हात सैल असेल तर याच्या वाटेला जाऊच नका.

टॉप-अपबद्दल माझं मत पक्कं आहे: फर्निचर आणि रंगासाठी कधीही नाही. ५ लाखांचा टॉप-अप ९ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतलात तर ९ लाख १३ हजार भरता. गळतीसारखं थांबवता न येणारं काम असेल आणि हातात पैसे नसतील, तरच घ्या आणि पाच वर्षांत फेडा. मग तेच ५ लाख सुमारे ६ लाख २३ हजारांत सुटतात. मुदत तुम्ही सांगायची, बँकेच्या माणसाने नाही.

काँट्रॅक्टरचे पैसे

कामाच्या टप्प्यांप्रमाणे द्या, तारखांप्रमाणे नाही. आगाऊ दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि शेवटचे दहा टक्के पहिला पाऊस जाईपर्यंत हातात ठेवा. हे करारातच लिहा. बिलात राडारोडा उचलायचा खर्च धरला आहे का ते बघा, नाहीतर तो रातोरात नदीपात्रात किंवा ओढ्याकाठी नेऊन टाकला जातो. त्याला आपणही जबाबदार असतो. इलेक्ट्रिकचं सामान तपकीर गल्लीतून, प्लायवूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून स्वतः जाऊन आणा. बीम-कॉलमला हात लावू देऊ नका. संडास-बाथरूमची जागा हलवून खालच्यांच्या स्वयंपाकघरावर आणू नका.

करसवलतीसाठी कर्ज ठेवावं का

नाही. जुन्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते. दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजाला ३० हजारांपर्यंतच, तीही त्याच २ लाखांत धरून. नव्या करप्रणालीत राहत्या घराला ही वजावट नाहीच. शंभर रुपये व्याज भरून तीस रुपये कर वाचवणं हा व्यवहार होत नाही.

शेवटचा हप्ता गेल्यावर

निल झाल्याचा मेसेज म्हणजे कर्ज संपलं असं नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ डिसेंबर २०२३पासून पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत देणं बँकेला बंधनकारक आहे. तिच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यावी लागते. कर्ज घेताना दिलेल्या कागदांची यादी बँकेकडून मिळालेली असते, ती सोबत न्या आणि एकेक कागद पान उलटून तपासा: मूळ करारनामा, इंडेक्स २ (नोंदणी झालेल्या दस्ताचा सारांश उतारा), नोंदणीची पावती, सोसायटीचं भागपत्र. ना देय दाखला वेगळा घ्या. गहाणखत नोंदवलेलं असेल तर ते सोडवल्याचा दस्तही हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवून घ्या. सेरसाईवरचा, म्हणजे गहाण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीतला, बोजा उतरवणं बँकेचं काम आहे, पण महिन्याभराने तिथे शोध घेऊन खात्री करा. सिबिल अहवालात, म्हणजे तुमच्या कर्जांच्या इतिहासाच्या अहवालात, खातं "बंद" दिसतंय ना, तेही बघा. हप्त्याचा ऑटो-डेबिट आदेश रद्द करा. आणि ना देय दाखल्याची प्रत सोसायटीच्या सचिवांना देऊन त्यांच्या दप्तरातली बँकेच्या बोज्याची नोंद काढायला लावा. रिडेव्हलपमेंटचा करार होईल तेव्हा बिल्डरचा वकील ती नोंद नक्की विचारतो.